शून्य पूर्णांक आठ

आहारशास्त्रात पदवी घेतलेल्या बाईनं लग्नाच्या पंगतीत बसू नये. बसायचंच असेल तर भिंतीकडं तोंड करून बसावं. मी दुसरी जिलबी उचलली रे उचलली, की समोरच्या ओळीतून कोणीतरी मामी ओरडते, "अगं, तूच खातेस होय? मग आम्हाला कशाला नको म्हणतेस?" मी उभ्या आयुष्यात कोणालाही जिलबीसाठी अडवलेलं नाही. पण माझी पदवी म्हणजे दुसऱ्याच्या ताटाकडं बघून मान हलवण्याचा परवाना आहे, असा आमच्या नात्यात पक्का समज आहे. जेवण झाल्यावर हात धुवायच्या ड्रमापाशी दुसरी तुकडी गाठते. तिला एकच विचारायचं असतं : रात्रीचा भात सोडला तर पोट कमी होईल का? विचारणाऱ्या मावशीचं पोट कमी व्हावं ही माझीही इच्छा असते. पण प्रश्न गोंदियात विचारला जातो आणि आमच्या घरची चूल राइस मिलवर चालते. बाबा एका मिलमध्ये मुनीम. गोंदियानं भात सोडला तर बाबांना पगार कोण देणार?

बारावीनंतर मी हा विषय घेतला, त्यामागे कसलंही ध्येय नव्हतं. मेडिकलला मार्क कमी पडले, इंजिनीअरिंगला इच्छा कमी पडली, आणि नागपूरच्या एका कॉलेजात आहारशास्त्राच्या बीएस्सीला जागा शिल्लक होती. "होऊ द्या, स्वयंपाक तरी शिकेल," मामा म्हणाले. आई म्हणाली, "फी भरून पोळ्याच शिकायच्या असतील तर मी फुकटात शिकवते." दोघांचाही अंदाज चुकला. सुरुवातीचे कित्येक महिने आमचा चुलीशी संबंधच आला नाही. ग्लुकोजचा रेणू, अमिनो आम्लं, क्रेब्जचं चक्र. पोळी पोटात गेल्यावर तिचं पायरुवेट कसं होतं हे मला आजही तोंडपाठ येतं. कणकेची पोळी कशी होते, तेवढं राहून गेलं.

सकाळचा पहिला तास संपृक्त स्निग्धांशांवर असायचा, आणि त्याच्या आधी कॉलेजच्या फाटकाबाहेर तर्री-पोहे. तर्रीवर तरंगणारं तेल किती ग्रॅम असेल, त्याला नवानं गुणलं की किती कॅलरी, हे आम्ही मैत्रिणी बोटांवर काढायचो. उत्तर आलं की तर्री पिऊन टाकायचो. अभ्यास प्रात्यक्षिकासह झाला पाहिजे, असं आमच्या बाईच सांगायच्या.

विषयाची गोडी लागली ती कोंबड्यांमुळं. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचे जंतू शोधत होता. जंतू सापडेनात, पण प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडायला लागल्या, आणि काही दिवसांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात मिळत होता. मग तिथला आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं बजावलं, की लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि उठून चालायला लागल्या. आइकमनला १९२९ साली नोबेल मिळालं. पुढं सगळ्या जगाला जीवनसत्त्वांच्या वाटेला लावणारा तो कंजूष आचारी मात्र कोंबड्यांइतकाही प्रसिद्ध झाला नाही.

ही गोष्ट मी दिवाळीच्या सुट्टीत, जेवता जेवता, घरी सांगितली. पॉलिश करताना तांदळातलं थायमिन कोंड्याबरोबर कसं निघून जातं, कोंडा तेलाच्या कारखान्याला कसा जातो आणि माणसाच्या वाट्याला काय उरतं, सगळं. बाबांनी घास खाली ठेवला. "म्हणजे मी इतकी वर्षं रोगाच्या खतावण्या लिहितोय?" मी घाईघाईनं उसना तांदूळ पुढं केला. धान सालासकट वाफवलं की थायमिन दाण्याच्या आत सरकतं, मग पॉलिश केलं तरी तितकं जात नाही, वगैरे. बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक दाणा बघतं बाळ, थायमिन नाही बघत."

मग मी घरात क्रांती केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी शेतातली निराळी लोंबी हेरून, वर्षानुवर्षं निवड करून जो एचएमटी तांदूळ काढला, तो आमच्या घरात देवाच्या खालोखाल. तो बंद करून मी बिनपॉलिशचा जाडा भात सुरू केला. गॅस दुप्पट जळायचा, आई दुप्पट तापायची, बाबा निमूट डबा घेऊन जायचे. पुढं कळलं, की मिलमध्ये ते रोज एका हमालाशी डबा बदलत होते. हमालाची तब्येत म्हणे चांगली सुधारली. प्रयोग यशस्वी झाला होता, फक्त माणूस दुसरा होता.

उंदरांचंही एक प्रकरण आहे. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत मॅकॅरिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं बेरीबेरीची चौकशी सुरू केली. तीच खोली वाढत वाढत आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली आहे. या मॅकॅरिसननं उंदरांचे गट पाडून एकेकाला भारतातल्या एकेका प्रांताचं जेवण घातलं. शीख जेवण जेवलेले उंदीर पहिले आले, पठाण दुसरे, मराठे तिसरे. सगळ्यात शेवटी मद्रास. आमच्या बाईंनी निकाल वाचून दाखवला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. मराठ्यांचे उंदीर म्हणजे ज्वारी-बाजरीवाले. आमच्या झाडीपट्टीतले उंदीर तीन वेळा भात खाऊन मद्रासच्याच शेजारी बसले असते.

पण ज्या आकड्यानं पुढं माझा घात केला, तो दुसऱ्या वर्षात भेटला. घरात सात माणसं जेवतात म्हणून शिजलेलं अन्न भागिले सात करून चालत नाही. दोन वर्षांचं पोर आणि नांगर धरणारा बाप सारखं खात नाहीत. म्हणून आहारशास्त्रात माणसं 'उपभोग एककां'त मोजतात. बैठं काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे १. मध्यम कष्टाचा १.२, भारी कष्टाचा १.६. बैठी बाई ०.८, मध्यम कष्टाची ०.९, भारी कष्टाची १.२. पोरं वयाप्रमाणे ०.४ पासून वर. थोडक्यात, अख्ख्या देशाची भूक ज्या काठीनं मोजायची ती काठी म्हणजे बसलेला पुरुष. त्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा लोडाला टेकून पेपर वाचणाऱ्या बाबांकडं नव्या आदरानं पाहिलं. शास्त्राचं मूळ एकक आमच्या घरात होतं, आणि आम्ही त्याला दळण आणायला पाठवत होतो.

(हा आदर्श पुरुष तेव्हा ६० किलोंचा होता. मी पास झाल्यावर, २०२० च्या नव्या शिफारशींत, तो ६५ किलोंचा झाला आणि बैठ्या कामाच्या त्याच्या रोजच्या कॅलरी २३२० वरून २११० वर आल्या. वजन वाढवलं आणि जेवण कापलं. बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही. आदर्श बाई मात्र तेव्हाही ५५ किलोंची आणि आताही ५५ किलोंचीच.)

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. वनालगतच्या कुटुंबांचा आहार, असा विषय मी निवडला आणि जागा निवडली नागझिरा. मार्गदर्शक बाईंना माझ्या सामाजिक जाणिवेचं कौतुक वाटलं. खरं कारण असं, की प्रकल्पाच्या खर्चात वाघ बघायला मिळेल असा माझा हिशेब होता. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, २०१३ च्या डिसेंबरात नवेगावला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं, किरण पुरंदरे तर तिथं वर्षाहून जास्त काळ मुक्काम ठोकून राहिले. दोघांनाही तिथं जाऊन कोणाच्या दंडाचा घेर मोजावा लागला नाही. म्हणून ती पुस्तकं इतकी प्रसन्न झाली आहेत.

तिरोड्यावरून चोरखमारा गेटकडं जाताना जे एक गाव लागतं, तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनी मला घरी ठेवून घेतलं. माझ्याजवळ डिजिटल वजनकाटा, उंचीची पट्टी, पोरांच्या दंडाला गुंडाळायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी आणि नंबर घातलेल्या मापाच्या वाट्यांचा संच होता. वाट्या कॉलेजच्या स्टोअरमधून सही करून घेतलेल्या. पाणी प्यायचा पेला विसरला तरी चालेल, पण वाटी हरवायची नाही, अशी तंबी होती.

वजनकाट्याला सपाट जमीन लागते. शेणानं सारवलेल्या अंगणात तो मला दर खेपेला वेगळीच मुलगी समजत होता. शेवटी शाळेच्या फरशीवर मांडला. बायका लाजून भिंतीला चिकटून उभ्या. "आधी तुम्हीच उभ्या राहून दाखवा मॅडम, म्हणजे त्यांची भीती जाईल," ताई म्हणाल्या. मी उभी राहिले. चौथीतल्या एका पोरानं वाकून आकडा वाचला, आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात वाचला : "एकाहत्तर पूर्णांक चार!"

बायकांची भीती गेली. ओट्यावर बसलेल्या एका काकांनी धानाच्या ४० किलोंच्या कट्ट्यांचा हिशेब लावून जाहीर केलं, "दोन कट्ट्यांले थोडीच कमी हाये."

मग पोरांनी ती रंगीत पट्टी माझ्या दंडाला लावून बघायचा हट्ट धरला. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड आला तर लाल, म्हणजे पोर गंभीर कुपोषित. माझ्या दंडानं लाल ओलांडला, पिवळा ओलांडला, हिरवा ओलांडला आणि पट्टी संपली. उंचीला वजनानं भागायचं की वजनाला उंचीच्या वर्गानं, हे त्या क्षणी मला सोयीस्करपणे आठवत नव्हतं. ताईंनी मोबाइलवर काढलं : एकोणतीस. भारतीयांसाठी तेविसाच्या वर गेलं की धोक्याची ओळ सुरू होते, हे त्या बायकांना शिकवायला मी मुद्दाम तक्ता घेऊन गेले होते. तक्ता मी गुंडाळीतच ठेवला. त्यानंतर अर्धं गाव फरशीवर लोटलं. कोणी मोहाची पिशवी मोजून नेली, एकानं सौदा अडला म्हणून बोकड आणला. बोकडाचं वजन मी केलं. नोंदवलं नाही.

एक आजी शेवटी आल्या. ३८ किलो. आकडा ऐकून म्हणाल्या, "आता मोजून का होते? हाये तेवडीच हाये मी."

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. चोवीस तासांची आठवण अशी एक पद्धत आहे. समोरच्याला विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत काय काय खाल्लं, आणि वाट्या दाखवून किती ते ठरवायचं. वर्गात हा प्रयोग आम्ही एकमेकींवर करायचो, तेव्हा फार सोपा वाटायचा. सगळ्या खोटं बोलायच्या आणि सगळ्यांच्या कॅलरी बरोबर यायच्या.

"आजी, काल सकाळी काय खाल्लं?"

"का खाते मानूस? भात."

"किती?"

"पोटभर."

"यातल्या कोणत्या वाटीनं?"

आजींनी वाट्या एकेक हातात घेऊन बघितल्या. "हे भातुकली कोनाच्या पोरीची उचलून आनली?"

"भातासोबत काय होतं?"

"मीठ."

"आणखी?"

"मिरची. आन तू का पोलीस हायेस का वो?"

मी नेटानं पुढं गेले. हळूहळू वाळवलेली लाखोळीची भाजी निघाली, चिंचेचा कोवळा पाला निघाला, तळ्यातले वाळवलेले झिंगे निघाले, सकाळी पोरांनी तोंडात टाकलेली मोहफुलं निघाली. "आता तर काईच नाई. पावसात ये, मंग सांगतो. तरोटा, काटवल, वास्ते, सात्या..." आजी सांगत सुटल्या आणि मी लिहीत सुटले. रात्री कंदिलाच्या उजेडात हैदराबादच्या पोषण संस्थेचे तक्ते उघडले. २०१७ साली नव्यानं छापलेले, ५२८ पदार्थांचे. तरोटा शोधत गेले तर झुकिनी सापडली. हिरवी वेगळी, पिवळी वेगळी.

एका घरी सासूबाईंच्या समोर सुनेला विचारलं, काल काय जेवलीस? "सगळ्यांनी जेवलं तेच." मी सगळ्यांचं लिहिलेलं होतंच, तेच पुन्हा उतरवलं. तासाभरानं बोअरिंगवर पाणी भरताना ती आपणहून म्हणाली, "म्याडम, ते झिंगे लिवलं ना तुमी माझ्या नावावर, ते खोडून टाका. संपले होते." मी विचारलं, मग काय खाल्लंस? म्हणाली, "उरलं होतं ते." माझ्या संचात 'उरलं ते' या मापाची वाटी नव्हती. रकाना मी कोराच ठेवला. नंतर कॉलेजात त्या कोऱ्या रकान्याबद्दल माझे मार्क कापले.

आता तो आकडा. आजींच्या घरची माणसं मी एककांत मांडत होते आणि आजी शेजारी बसून हातातलं काम करत होत्या. ओट्यावर आजोबा.

"का लिवून रायली?"

सांगू नये ते मी सांगितलं. आजोबा बैठे, म्हणून १. मुलगा भारी कष्टाचा, १.६. आजी साठीच्या पुढं, घरातच असतात असं धरून, ०.८.

आजींचा हात थांबला. "म्हनजे मी पुरी एक बी नाई?"

"तसं नाही आजी, ते एक माप आहे..."

"आन हे बुढा एक?"

आजोबांनी ओट्यावर जरा सावरून बसून घेतलं.

"बसून एक," आजी म्हणाल्या, "आन राबून शून्य आट." मी दशांश चिन्ह समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं परिस्थिती सुधारली नाही. "उद्या पायटे ये माझ्यासंग मोहावर. मंग सांगजो मी किती ते."

भांडण तिथं मिटलं, कारण वडे तळायला सुरुवात झाली. गरम, कुरकुरीत, आत लसूण आणि मिरची. मोजायच्या वाट्या मी बाजूला ठेवल्या, यातच सगळं आलं. बऱ्याच वेळानं, पुढचा वडा हातात असताना, संशोधकाला शोभेल असा प्रश्न सुचला : "आजी, डाळ कोणती?"

"लाखोरी."

वडा हातातच राहिला. लाखोळी हे झाडीपट्टीचं जुनं पीक. धान कापायच्या आधीच उभ्या शेतात, ओलीत बी फेकून देतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. उतेरा म्हणतात त्याला. फुकटात येते, गाईगुरांपासून माणसापर्यंत सगळ्यांना पुरते. पण आमच्या पुस्तकात तिचं स्वतंत्र प्रकरण होतं : लॅथिरिझम. मध्य प्रदेशात रेवा, सतना भागात ही डाळ खाऊन खाऊन माणसांचे पाय गेले. आधी गुडघे वाकतात, मग टाचा उचलल्या जातात, मग काठी, मग दोन काठ्या, मग रांगणं. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. त्याच पुस्तकात असंही लिहिलं होतं, की महिनोन्महिने रोजच्या अन्नाचा मोठा वाटा लाखोळीचाच असेल तरच असं होतं, आणि डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष बरंचसं उतरतं. पण हा भाग परीक्षेला विचारत नसत. त्यामुळं तो मला रात्रभर आठवला नाही.

झोपायच्या आधी मी आजोबांकडं चौकशी केली. जन्मभर लाखोळी खाल्लेला माणूस म्हणजे चालता-बोलता पुरावाच. "आजोबा, चालायला काही त्रास होतो का?"

"चालतच नाई ना मी," आजोबा म्हणाले. "बसून रायतो."

रात्रभर मी चादरीत पायाची बोटं हलवून बघत होते. डावा अंगठा जरा जड वाटत होता.

मोहफुलं रात्रीच्या शेवटच्या प्रहरात गळायला लागतात, म्हणून वेचायला उजाडायच्या आत निघावं लागतं. आजी पुढं, डोक्यावर रिकामी टोपली. मी मागं, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात नोंदवही, खांद्यावरच्या पिशवीत वजनकाटा आणि तीन नंबरची वाटी. ताज्या मोहफुलांचं वाटीला किती ग्रॅम बसतं, हे जगात कोणीच मोजलं नसेल आणि ते मी मोजीन, अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. आजींचं झाड गावाबाहेर, जंगलाच्या कडेला. खाली पिवळ्या फुलांचा सडा आणि हवेत तो गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास. आजी वाकल्या त्या वाकलेल्याच. दोन्ही हात चालू, कमरेतून सरळ होणं नाही, तोंडानं पोरांच्या शाळेच्या गोष्टी. मी वाटी भरली, काटा ठेवायला सपाट दगड शोधला, आणि टॉर्चच्या उजेडात दगडापलीकडं काळं काहीतरी हललं.

अस्वलाला मोह फार आवडतो, हे मी वाचलेलं होतं. तेही पहाटेच येतं, हे आजींनी वाटेत सांगितलं होतं. सांगताना त्यांनी असंही सांगितलं होतं, की दिसलं तर पळायचं नाही, आवाज करायचा आणि हळूहळू मागं सरकायचं. आजींनी डबा वाजवला. "पळू नको वो पोरी," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला ऐकू आलं तेव्हा माझ्यात आणि आजींत बरंच अंतर पडलेलं होतं.

वैद्यकीय दृष्टीनं बघितलं तर निष्कर्ष समाधानकारक होता. गुडघे पूर्ण उघडत होते, स्नायूंत कसलाही ताठरपणा नव्हता, डावा अंगठा उत्तम काम देत होता. टाचा टेकत नव्हत्या खऱ्या, पण त्याचं कारण लाखोळी नव्हतं. लॅथिरिझमची इतकी पक्की तपासणी कुठल्याही दवाखान्यात झाली नसती.

मी थेट डांबरी रस्त्यावर, आणि रस्त्यानं गेटवर. तिथं सफारीच्या जिप्सी रांगेनं उभ्या. एका जिप्सीत पुण्याहून आलेली मंडळी, खाकी टोप्या, हातभर लांब कॅमेरे. मी धापा टाकत "अस्वल, अस्वल" एवढंच म्हणाले, आणि सगळी जिप्सी माझ्यावर तुटून पडली. कुठं? किती मोठं? पिल्लं होती का पाठीवर? एक काका तर दुखावल्यासारखे वाटले. "आम्ही तीन वर्षं येतोय, आम्हाला एकदाही नाही. तुम्ही चालत गेलात आणि तुम्हाला लगेच?" फोटो काढला नाही हे कळल्यावर माझ्याविषयीचा आदर पार ओसरला. फक्त त्यांच्या बायकोनं शेंगदाण्याची चिक्की पुढं केली. माझ्या पायात एकच चप्पल आहे, हे तिच्याच लक्षात आलं होतं. आहाराच्या नोंदीत ती चिक्की मी प्रामाणिकपणे लिहिली. कारणाच्या रकान्यात 'भीती' घातलं.

वाघ मला दिसला नाही, तो नाहीच.

उजाडल्यावर आजी रस्त्यानं येताना दिसल्या. डोक्यावर भरलेली टोपली, काखेत माझा वजनकाटा, एका हातात नोंदवही आणि चप्पल, दुसऱ्या हातात तीन नंबरची वाटी. तीही मोहानं भरलेली.

"अस्वल गेलं?" मी विचारलं.

"ते त्याच्या झाडाले गेलं. त्याले का तुले खायचं होतं? ते बी मोहच खाते."

टोपली काट्यावर ठेवली. तेरा किलो. आजींच्या स्वतःच्या वजनाचा तिसरा हिस्सा, आणि ही पहिलीच फेरी. टोपली उतरवून त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दुसरी टोपली घेऊन निघाल्या. मी ०.८ वर काट मारली आणि १.२ लिहिलं. मग जरा विचार करून, त्या पाणी भरणाऱ्या सुनेच्या नावापुढंही तेच केलं, आणि गावातल्या आणखी बऱ्याच जणींच्या.

त्यामुळं भलताच घोळ झाला. बायका ०.८ होत्या तोवर माझ्या तक्त्यात जवळजवळ सगळ्या घरांत अन्न पुरेसं दिसत होतं, आलेख छान आला होता, मार्गदर्शक बाई खूश होत्या. बायका १.२ झाल्या तशी भागाकारातली खालची संख्या वाढली आणि तेच पातेलं, तोच भात, तीच भाजी असताना निम्मी घरं कमतरतेच्या रांगेत जाऊन बसली. कुठल्याही घरात एक दाणा कमी शिजला नव्हता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. "ही साठीच्या पुढची गृहिणी. हिला भारी कष्टाच्या गटात कोणत्या आधारावर घातलं?"

मी सांगितलं. टोपली, अंतर, वजन, वाकण्याचा कालावधी.

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"सुरुवात पाहिली सर. मधला भाग मी गेटवर होते."

"गेटवर का?"

मग अस्वलही सांगावं लागलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "पद्धतीच्या प्रकरणात याचा उल्लेख नाही." मी म्हटलं, सर, ते नमुन्यात नव्हतं. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मार्क बेताचे पडले, पण १.२ कोणी खोडला नाही.

निकालानंतर प्रकल्पाची बांधलेली प्रत घेऊन मी आजींकडं गेले. पावसाळा लागला होता, घरात तरोट्याची भाजी शिजत होती. आजोबा नेहमीच्या जागी, ओट्यावर. आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी प्रत उलटसुलट करून बघितली आणि एवढंच विचारलं, "माझा आकडा का लिवला?"

"एक पूर्णांक दोन."

"आन याहीचा?"

"एक."

आजी ओट्यापाशी गेल्या. "आयकलं का?" त्या आजोबांना म्हणाल्या. "सरका तिकडं. मले जास्त जागा लागते."